औषध दुकान, फार्मासिस्ट आणि कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाभोळ खाडीच्या अलीकडे एका बाजारपेठेच्या गावात माझे औषध दुकान आहे आणि मी स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. डी.फार्म.चे (फार्मसी पदविकेचे) विद्यार्थी प्रशिक्षणासाठी माझ्याकडे येतात. पुढील प्रश्न काही त्यांनी, काही गिऱ्हाइकांनी आणि काही नवे दुकान टाकू पाहणाऱ्यांनी विचारलेले आहेत. ज्या प्रश्नांवर गावात वाद होतात त्यांची उत्तरे सविस्तर दिली आहेत, बाकीची थोडक्यात आवरली आहेत.

औषध दुकानाला नेमके कोणते कायदे लागू होतात?

मुख्यतः दोन. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील औषध नियम, १९४५ यांत परवाना, जागा, साठा, बिले आणि विक्री यांच्या अटी आहेत. औषध कोणी द्यायचे हे फार्मसी कायदा, १९४८ ठरवतो. दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते, तर फार्मासिस्टची नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषद करते. दुकानाचा मालक शेतकरी असो, मच्छीमार असो की निवृत्त शिक्षक, त्याला परवाना मिळू शकतो. नोंदणी मात्र ज्याने ते शिक्षण घेतले त्याचीच होते. याखेरीज किमतींसाठी औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३, गुंगीकारक औषधांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आणि रोजच्या कामाच्या रीतीसाठी भारतीय फार्मसी परिषदेचे फार्मसी व्यवसाय विनियम, २०१५ आहेत.

किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी काय लागते?

किमान १० चौरस मीटर जागा, औषधे नीट ठेवण्याची सोय, थंड ठेवायच्या औषधांसाठी फ्रिज आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट. किरकोळ आणि घाऊक विक्री एकाच जागेत करायची असेल तर किमान १५ चौरस मीटर जागा लागते. नेहमीच्या दुकानाला फॉर्म २० आणि फॉर्म २१ असे दोन परवाने घ्यावे लागतात; इन्सुलिन, लशी यांसारखी जैविक औषधे फॉर्म २१ च्या परवान्याखाली येतात. २०१७ च्या दुरुस्तीपासून परवान्याचे नूतनीकरण करावे लागत नाही, पण दर पाच वर्षांनी तो कायम ठेवण्याचे शुल्क भरावे लागते. परवाना दुकानाच्या दर्शनी भागात, गिऱ्हाइकाला दिसेल असा लावलेला असला पाहिजे. आमच्याकडे त्यावर देवाच्या तसबिरीचा हार लोंबत असलेली दुकाने पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणजे कोण?

बारावी विज्ञान शाखेनंतर दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, किंवा चार वर्षांची बी.फार्म. पदवी पूर्ण करून राज्य परिषदेच्या नोंदवहीत ज्याचे नाव चढले आहे तो. नुसते उत्तीर्ण झाल्याने कोणी नोंदणीकृत होत नाही. निकाल लागल्यापासून नोंदणी क्रमांक मिळेपर्यंतच्या काळात ‘मी आता फार्मासिस्ट झालो’ असे समजून काउंटर सांभाळणारी मुले कायद्याच्या दृष्टीने मदतनीसच असतात. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर केले नाही तर नोंदवहीतून नाव कमी होऊ शकते, आणि तसे झाल्यावर पंचवीस वर्षांचा अनुभवही उपयोगी पडत नाही.

काउंटरवरचा मुलगा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे देऊ शकतो का?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतात. फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करणे, मिसळणे किंवा देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी करू नये. पूर्वी यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती, आणि एक हजाराच्या दंडाला कोणी भीक घालत नसे. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने ती बदलून तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी केली. कैदेची मुदत कमी झाली हे खरे, पण छोट्या दुकानदाराला दोन लाखांचा आकडाच अधिक लागतो.

औषध नियमांतील नियम ६५ ची भाषा थोडी वेगळी आहे. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या व्यक्तिगत देखरेखीखाली दिले जावे, असे तो म्हणतो. या ‘देखरेखीखाली’ शब्दाचा आधार घेऊन काही मालक असे सांगतात की, फार्मासिस्ट गावात कुठेतरी असला, फोनवर उपलब्ध असला, म्हणजे झाले. माझ्या मते हा अर्थ टिकत नाही, कारण ‘व्यक्तिगत’ हा शब्द त्याच वाक्यात आहे आणि कलम ४२ मध्ये तर देखरेखीची पळवाटही नाही. मदतनीसाने कपाटातून स्ट्रिप काढून आणावी, बिल करावे, पेट्या उघडाव्यात, साठा मोजावा, पैसे घ्यावेत. परंतु चिठ्ठी वाचणे, काढलेली स्ट्रिप त्या चिठ्ठीशी ताडून पाहणे आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना कशी घ्यायची ते सांगणे, ही तीन कामे फार्मासिस्टची आहेत. आमच्या दुकानात काढलेली औषधे आधी निळ्या ट्रेमध्ये माझ्यासमोर येतात. ट्रेमधून गिऱ्हाइकाच्या पिशवीत ती मी टाकतो, मदतनीस नाही. गर्दीच्या वेळी लोक कुरकुरतात, पण ट्रे तसाच चालू आहे.

फार्मासिस्ट दुपारी जेवायला गेला किंवा गणपतीला गावी गेला तर?

तितका वेळ चिठ्ठीवरची औषधे देता येत नाहीत. कोकणातल्या बाजारपेठा दुपारी एक ते चार बंद असतात, त्यामुळे जेवणाचा प्रश्न आमच्याकडे आपोआप सुटतो. अडचण येते ती गणपतीत आणि शिमग्यात. त्या दिवसांत चाकरमानी मुंबईहून येतात, सोबत मुंबईच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि प्रवासात संपलेली रक्तदाबाची औषधे असतात, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमका तेव्हाच दुकानातला फार्मासिस्ट आपल्या घरी गणपती आणायला गेलेला असतो. अशा वेळी बदली फार्मासिस्ट नेमावा, आणि ते शक्य नसेल तर चिठ्ठीची औषधे बंद ठेवून तशी पाटी लावावी. प्रभारी फार्मासिस्ट कायमचा बदलला असेल तर एका महिन्याच्या आत परवाना अधिकाऱ्याला कळवणे ही परवान्याचीच अट आहे.

सर्टिफिकेट भाड्याने देता येते का?

येत नाही. तरीही हा व्यवहार सर्रास चालतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगी पुण्यात कंपनीत नोकरीला आणि तिचे नोंदणीपत्र तालुक्याच्या गावात भिंतीवर, हे चित्र या धंद्यातल्या कोणालाही नवीन नाही. ज्याचे नोंदणीपत्र असते त्याला वाटते की दरमहा घरबसल्या चार पैसे मिळतात आणि जोखीम मालकाची आहे. वस्तुस्थिती उलट आहे. बिलावर नोंदणीकृत फार्मासिस्टची सही लागते. दुकानात चुकीचे औषध गेले, शेड्यूल एच-वनच्या (चिठ्ठीशिवाय न विकता येणाऱ्या औषधांच्या एका यादीच्या) नोंदवहीत खोट्या नोंदी सापडल्या किंवा गुंगीच्या गोळ्यांचा हिशेब लागला नाही, तर पहिला प्रश्न प्रभारी म्हणून ज्याचे नाव आहे त्याला विचारला जातो. राज्य परिषद चौकशी करून त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. मालकाचा परवाना तर नियम ६६ खाली निलंबित किंवा रद्द होतोच.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाला अशी ‘ऑफर’ आली होती आणि तो विचारायला आला होता. मी त्याला माझ्याकडचे त्या आठवड्याचे बिलपुस्तक दाखवले आणि विचारले, यातल्या किती बिलांवर न पाहता सही करशील. त्याने पाने चाळली, एका बिलावर झोपेच्या गोळ्या पाहून थांबला, आणि नंतर तो विषय त्याने काढला नाही.

दवाखान्यातला कंपाउंडर औषधे देतो, ते कसे चालते?

डॉक्टरने आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध देणे कलम ४२ मधून वगळलेले आहे, आणि त्याने उघडे दुकान मांडले नसेल तर काही अटींवर त्याला विक्रीचा परवानाही लागत नाही. ही सवलत डॉक्टरसाठी आणि त्याच्या रुग्णांपुरती आहे. कंपाउंडर हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला आहे, पण आजच्या कायद्यात त्या नावाने कोणालाही स्वतंत्र अधिकार नाही. डॉक्टर शहरात गेले असताना कंपाउंडरने ‘नेहमीचीच पुडी’ बांधून देणे या सवलतीत बसत नाही.

सरकारी दवाखान्यात आणि गावात आशाताई गोळ्या देतात. त्यांना फार्मासिस्टचा नियम नाही का?

प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध देणारा कर्मचारी ‘औषध निर्माण अधिकारी’ या पदनामाचा असतो आणि तो नोंदणीकृत फार्मासिस्टच असतो. उपकेंद्रातील परिचारिका, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी आणि गावपातळीवरील आरोग्य स्वयंसेवक यांना शासनाच्या आरोग्य किंवा कुटुंबकल्याण कार्यक्रमातील औषधे वाटण्यासाठी शेड्यूल केमध्ये, म्हणजे औषध नियमांतल्या सवलतींच्या यादीत, सवलत दिलेली आहे.

हे कोकणात विशेष महत्त्वाचे आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, चिखलात उभे राहून काम करणाऱ्यांना आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या वाटल्या जातात, आणि मग लोक दुकानातही ‘लेप्टोची गोळी’ मागायला येतात. ती प्रतिजैविक आहे, शेड्यूल एच या चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत आहे, म्हणून दुकानातून चिठ्ठीशिवाय देता येत नाही. आशाताई देते मग तुम्ही का देत नाही, या प्रश्नाचे उत्तर असे की, ती शासनाच्या कार्यक्रमातून, वरून आलेल्या सूचनेनुसार देते आणि कोणाला दिली त्याची नोंद आरोग्य केंद्रात राहते. गर्भवती स्त्रीला ती गोळी सहसा देत नाहीत. हे पाहणारे कोणीतरी त्या साखळीत असते.

डॉक्टरांची चिठ्ठी कशी असली म्हणजे ग्राह्य धरतात?

ती लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख असावी, रुग्णाचे नाव व पत्ता असावा, आणि औषध किती द्यायचे व कसे घ्यायचे ते लिहिलेले असावे. डॉक्टर मुंबईचा आहे की महाडचा, याने फरक पडत नाही. डॉक्टरने पुन्हा द्यावे असे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. जितक्या वेळा किंवा जितक्या अंतराने द्यावे असे लिहिले असेल, तितकेच. औषध दिल्यावर डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख लिहायची असते. आमच्याकडे त्याचा शिक्का आहे. वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली, घड्यांवर फाटलेली, पाच दुकानांचे शिक्के असलेली चिठ्ठी घेऊन येणारे आजोबा प्रत्येक गावात असतात. त्यांना परत पाठवणे जिवावर येते, पण त्या चिठ्ठीवरचा साखरेचा आकडाही तितकाच जुना असतो.

व्हॉट्सॲपवर आलेला चिठ्ठीचा फोटो चालतो का?

२५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा डिजिटल प्रत रुग्णाला पाठवू शकतात, आणि रुग्णाची स्पष्ट संमती असेल तर थेट दुकानालाही. कोणत्या दुकानातून औषध घ्यायचे हे रुग्णच ठरवतो. शेड्यूल एक्सची (सर्वांत कडक बंदोबस्ताच्या यादीतली) आणि गुंगीकारक औषधे अशा रीतीने लिहून देता येत नाहीत. मी स्वतः एक पथ्य पाळतो : फोटो डॉक्टरांच्या क्रमांकावरून रुग्णाला आला आहे हे मूळ संदेशात पाहतो. तिसऱ्याच्या मोबाइलमधून चौथ्याने पुढे ढकललेल्या फोटोवर तारीख दिसते, पण ती चिठ्ठी आधी कुठे वापरली गेली हे दिसत नाही.

शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स यांत फरक काय?

तिन्ही प्रकारची औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. फरक नोंदींचा आणि साठवणीचा आहे. शेड्यूल एच ही मोठी यादी आहे, रक्तदाबापासून प्रतिजैविकांपर्यंत बहुतेक औषधे तीत येतात. शेड्यूल एच-वन १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला तीत ४६ औषधे होती : तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि अल्प्राझोलामसारखी सवय लावणारी औषधे. यांच्यासाठी स्वतंत्र नोंदवही लागते. तीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण विक्रीच्या वेळीच लिहायचे आणि ती वही तीन वर्षे ठेवायची. ‘विक्रीच्या वेळीच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रविवारी दुपारी बसून आठवड्याच्या नोंदी एका शाईत, एका वळणात भरलेल्या वह्या ओळखायला औषध निरीक्षकाला फार वेळ लागत नाही.

शेड्यूल एक्सच्या औषधांसाठी फॉर्म २०-एफ हा वेगळा परवाना, दोन प्रतींतली चिठ्ठी आणि त्यांतली एक प्रत दुकानात दोन वर्षे, असा बंदोबस्त आहे. ती औषधे कुलपात ठेवावी लागतात. खेड्यातली बहुतेक दुकाने या परवान्याच्या वाटेला जात नाहीत.

नायट्याचे मलम द्यायला चिठ्ठी कशाला?

कोकणातल्या दमट हवेत, घामाने आणि ओल्या कपड्यांनी गजकर्ण-नायटा घरोघर होतो आणि लोक जाहिरातीतले किंवा शेजाऱ्याने सांगितलेले मलम मागतात. त्यांतल्या अनेक मलमांत बुरशीविरोधी औषधाबरोबर स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, माणसाला गुण आल्यासारखे वाटते, आणि बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते; पुढे चट्टे मोठे होतात, कातडी पातळ पडते आणि साध्या औषधाला ते दाद देत नाहीत. वरून लावायच्या औषधांना शेड्यूल एचमधून पूर्वी सवलत होती, ती स्टेरॉइड असलेल्या मलमांच्या बाबतीत २०१८ मध्ये काढून घेण्यात आली. गिऱ्हाईक सर्वांत जास्त याच मलमावरून चिडते, आणि शेजारचे दुकान ते देत असेल तर आम्हीच वेडे ठरतो.

चिठ्ठीवर एका कंपनीचे नाव आहे. फार्मासिस्ट त्याच औषधाची स्वस्त गोळी देऊ शकतो का?

शेड्यूल एच, एच-वन आणि एक्सच्या औषधांत स्वतःहून नाही. लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध, मग त्यात घटक तोच असला तरी, देता येत नाही असे नियम ६५ स्पष्ट सांगतो. डॉक्टरांनी घटकाचे नाव लिहिले असेल तर कोणत्याही कंपनीचे औषध देता येते. जेनेरिक हवे असेल तर रुग्णाने डॉक्टरांकडेच मूळ नावाने लिहून मागावे. जनऔषधी केंद्रातही फार्मासिस्ट आणि हेच नियम लागू असतात.

दहाच्या स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या घ्यायच्या असतील तर?

देता येतात. किंमत नियंत्रण आदेशानुसार सुट्या गोळ्यांची किंमत पूर्ण स्ट्रिपच्या किमतीच्या प्रमाणापेक्षा जास्त लावता येत नाही, छापील कमाल किमतीपेक्षा जास्त तर कधीच नाही, आणि पुरेसे कारण नसताना विक्री नाकारताही येत नाही. बिलावर बॅच क्रमांक आणि मुदत लिहून घ्यावी, कारण कापलेल्या तुकड्यावर त्या दोन्ही गोष्टी अनेकदा राहत नाहीत.

आमच्या वाडीत मेडिकल नाही. किराणा दुकानात तापाची गोळी ठेवली तर गुन्हा होतो का?

लोकसंख्या १,००० पेक्षा जास्त नसलेल्या गावात काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची मुभा शेड्यूल केमध्ये आहे : पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या, आम्लपित्तावरची औषधे, वेदनाशामक बाम, ग्राइप वॉटर, एरंडेल, निलगिरीचे तेल अशी. माल परवानाधारकाकडून घेतलेला आणि मूळ बंद वेष्टनात असला पाहिजे. प्रतिजैविके, ‘अंगदुखीचे कॉम्बिनेशन’ किंवा गॅसची कॅप्सूल या मुभेत येत नाहीत. डोंगरातल्या वाड्यांसाठी ही तरतूद शहाणपणाची आहे. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानाने मात्र तिचा आधार घेऊ नये.

रात्री विंचू चावला, डॉक्टर नाहीत. दुकानदाराने औषध द्यावे का?

तातडीच्या नावाखाली चिठ्ठीचे औषध चिठ्ठीशिवाय देण्याची सवलत दुकानाला नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी जगासमोर आणला, त्यामुळे त्या गोळीचे नाव कोकणात अनेकांना ठाऊक आहे. पण ती रक्तदाब उतरवणारी गोळी आहे आणि रुग्णाकडे पाहत द्यावी लागते. १०८ क्रमांकाला फोन करून जवळच्या आरोग्य केंद्रात नेणे हेच करावे. सर्पदंशाची लस तर रुग्णालयातच देतात.

वीज गेली, पूर आला, तर साठ्याचे काय करायचे?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे अनेक दिवस वीज नव्हती. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. तेव्हा मासळीच्या पेटीतल्या बर्फात इन्सुलिन ठेवू का, असे लोक विचारत होते. बर्फाला थेट चिकटलेले इन्सुलिन गोठते, आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी झालेले असते. बर्फ आणि कुपी यांच्यामध्ये जाड कापड व डबा ठेवून आम्ही काही दिवस काढले, आणि ज्यांच्या तापमानाची खात्री राहिली नाही त्या कुप्या वेगळ्या काढल्या.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. बुडालेल्या साठ्यातल्या स्ट्रिप वरून कोरड्या दिसल्या तरी त्या विकता येत नाहीत. त्यांची बॅचवार यादी करावी, माल बाजूला काढून ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहावे, छायाचित्रे घ्यावीत, प्रशासनाला आणि विमा कंपनीला कळवावे. कायद्याच्या दृष्टीनेही साठवण निर्णायक असते. एखादे औषध दर्जाहीन निघाले तर किरकोळ विक्रेत्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम १९ चे संरक्षण मिळते, पण त्यासाठी तो माल परवानाधारकाकडून घेतला होता, दोष कळणे शक्य नव्हते आणि माल योग्य रीतीने साठवला होता, हे तिन्ही त्यालाच सिद्ध करावे लागते. आषाढात डबा उघडल्यावर ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास येतो, तो दमट हवेने गोळी विघटित झाल्याचा असतो. असा डबा न्यायालयात कोणाला दाखवणार?

मुदत ‘०८/२६’ असेल तर औषध कधीपर्यंत चालते?

ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत. त्यानंतर ते विक्रीच्या कपाटात सापडले तरी दोष दुकानाचा. ‘चुकून राहिले’ हे कारण चालत नाही.

औषध निरीक्षक आले तर त्यांना काय काय करता येते?

ते कोणत्याही वाजवी वेळी दुकान तपासू शकतात, खरेदीची बिले आणि नोंदवह्या पाहू शकतात, संशयास्पद माल २० दिवसांपर्यंत विकू नये असा आदेश देऊ शकतात आणि नमुने घेऊ शकतात. नमुन्याची रास्त किंमत त्यांनी द्यायची असते. नमुन्याचे चार भाग करून ते सीलबंद करतात आणि एक भाग दुकानदाराला देतात. सरकारी विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत तसे लेखी कळवावे लागते. दुकानात फॉर्म ३५ ची तपासणी वही असावी, तीत निरीक्षक आपले शेरे लिहितात. परवाना निलंबित झाला तर त्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि आदेशाविरुद्ध तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येते. गिऱ्हाइकाला दुकानाविरुद्ध तक्रार करायची असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात किंवा १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर करावी.

औषध देताना समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे की मेहेरबानी?

कर्तव्य आहे. २०१५ च्या विनियमांत चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला समुपदेशन करणे ही फार्मासिस्टची कामे म्हणून लिहिली आहेत. त्याने पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांक असलेला बिल्ला लावावा, असेही त्यांत आहे. का, हे एका उदाहरणाने कळेल. संधिवातावर मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीवावर बेतते. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे लहान अक्षरांत इंग्रजीत असते आणि बाकीच्या पाच गोळ्या रोजच्या असतात. म्हणून ती गोळी मी वेगळ्या पाकिटात देतो, पाकिटावर ठळक अक्षरांत ‘फक्त बुधवार’ लिहितो आणि रुग्णाकडून ते वाचून घेतो. वाचता येत नसेल तर गावच्या आठवडे बाजाराचा वार सांगतो, तो कोणी विसरत नाही.

दुकानातून चुकीचे औषध गेले तर काय करावे?

ताबडतोब रुग्णाला गाठावे, घेतले असेल तर डॉक्टरांना कळवावे, औषध परत घ्यावे आणि जे झाले ते तारखेसह लिहून ठेवावे. चूक लपवली तर तिचे दोन गुन्हे होतात.

माझ्या दुकानात हे घडलेले आहे. श्रावणातल्या सोमवारी, गर्दीत, मदतनीसाने मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमऐवजी २ मिलिग्रॅमची स्ट्रिप ट्रेमध्ये ठेवली. एकाच कंपनीच्या दोन्ही स्ट्रिप, रंगात किंचित फरक. मी नाव पाहिले, आकडा पाहिला नाही, आणि ती आजींच्या पिशवीत टाकली. संध्याकाळी साठा मोजताना एक स्ट्रिप कमी आणि एक जास्त निघाली. बिलपुस्तक उलगडले, नाव सापडले, आणि तरीच्या (खाडीतल्या होडीच्या) वेळेआधी मोटारसायकल काढून मी त्यांच्या वाडीवर पोहोचलो. उपवास असल्याने त्यांनी गोळी घेतली नव्हती. उपवासाच्या पोटी ती दुप्पट मात्रा गेली असती तर साखर किती उतरली असती, हे त्यांना सांगावे की नाही असा विचार करत मी ओटीवर बसलो, आणि सांगितले. त्या म्हणाल्या, “भाऊ, माज्या लक्षात आला नसता हो, दोन्ही पांढऱ्याच.” गोळ्या रंगाने वेगळ्या होत्या, पण त्यांच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना नव्हत्या.

आता त्या दोन स्ट्रिप दोन वेगळ्या कप्प्यांत असतात, आणि ट्रेमध्ये औषध आले की मदतनीस नाव वाचतो, आकडा मी मोठ्याने वाचतो. मदतनीसाला त्या दिवशी कोणी काही म्हटले नाही; बिलावर सही माझी होती.